गंजकी बादली, चार कांदे आणि जलरंग: बसण्याआधीची तयारी

जलरंगात मांडलेल्या वस्तूंचं चित्र, म्हणजे स्टिल लाइफ, काढायचं तर आधी वस्तू, रंग मग. गंजलेली बादली, तीन-चार कांदे, दोन अंडी आणि खाली तागाचं पोतं, एवढं पुरे. कंदील, दोरखंड, मोडकं चाक असं सगळंच मांडलं तर चित्राची अडगळीची खोली होते. बादली घासूनपुसून ठेवू नका, गंजासाठीच तर ती घेतली आहे. कांद्यांची सुटलेली सालंही पडली तिथेच राहू द्या. अंडी मात्र उकडून घ्या. मांडामांड करताना एखादं हातून निसटतंच.

उजेड एकाच बाजूने हवा, म्हणून खोलीतले दिवे बंद करा. खिडकीतलं ऊन तासाभरात सरकतं, तेव्हा सावल्यांच्या कडा कागदावर आधीच पेन्सिलने हलक्या आखा आणि एक फोटो काढून ठेवा. पुढे सावली हलली तरी चित्रातली हलवायची नाही.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), सुती, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत, घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. चारही बाजूंनी टेप लावा.

आता पांढरं कुठे राहणार ते ठरवा, माझ्या मते अर्धी तयारी इथेच होते. अंड्याचा उजळ भाग, बादलीच्या काठावरची चमक म्हणजे कोरा कागदच. बारीक जागांसाठी मास्किंग फ्लुइड लागेल, म्हणजे कागद कोरा राखणारं, नंतर सोलून काढायचं रबरासारखं द्रव. ते जुन्या ब्रशनेच लावा, तोही आधी साबणात बुडवून, नाहीतर केस कायमचे चिकटतात. हेअर ड्रायरने ते सुकवू नका आणि दिवसेंदिवस कागदावर ठेवू नका, काढताना कागद सोलून निघतो.

रंग थोडेच: बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि कांद्यासाठी एखादा थंड, म्हणजे निळसर झाक असलेला, लाल. पहिल्या दोघांच्या मिश्रणातून गंजाच्या तपकिरीपासून सावलीच्या राखाडीपर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे काळी ट्यूब डब्यातच राहू दे. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पत्र्याचा खरखरीतपणा आयता मिळतो. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून त्याच कागदाची एक पट्टी रंग तपासायला बाजूला ठेवा.

बाकी नेहमीचंच: सहा आणि बारा नंबरचे गोल ब्रश, सुती फडकं, पाण्याची दोन भांडी. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी रंगात घ्यायचं. चहाचा कप मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.