बोअरहोलचा डेटा थ्रीडीत बघताय? आधी या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोली-सांगे या लोहखनिज पट्ट्यातला जुना ड्रिलिंग डेटा, म्हणजे खनिज शोधायला पाडलेल्या भोकांच्या नोंदी, एक्सेलमध्ये हाती लागला की पोरं लगेच सॉफ्टवेअरात टाकून मॉडेल फिरवायला घेतात, आणि घोळ तिथेच होतो, कारण मॉडेल चुकलेलं असलं तरी दिसतं छानच.

सगळ्यात जास्त घोळ कॉलरचा, म्हणजे भोकाच्या तोंडाच्या कोऑर्डिनेट्सचा. गोव्यासाठी यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारी नकाशाची चौकट) झोन 43 नॉर्थ घ्या, ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) सहा आकडी आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) 17 लाखांच्या आसपास यायला हवं, उलटं दिसलं तर कॉलम अदलाबदल झालेत. जुन्या टोपोशीटवरचे आकडे एव्हरेस्ट डेटमचे (डेटम म्हणजे मोजमापाचा पाया) असतात, ते तसेच डब्ल्यूजीएस 84, म्हणजे जीपीएसच्या डेटमचे, म्हणून टाकले तर भोकं बाजूला सरकतात, तेही दोन-चार मीटर नाही.

आणि उंची! जीपीएसची कच्ची उंची एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, गोव्यात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा 60 मीटरहून जास्त कमी येते, मिरामार बीचच्या वाळूत उभं राहिलात तरी उणे आकडा. काही भोकांची उंची जुन्या लेव्हलिंगची (समुद्रसपाटीपासून मोजलेली) आणि काहींची जीपीएसची असली की एकच थर वर-खाली तुटलेला दिसतो, मग तिथे कोणीतरी फॉल्ट (खडकातला तडा) काढून मोकळा. म्हणून सगळे कॉलर डीईएमवर, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डिजिटल मॉडेलवर, टाकून बघाच. मात्र जुन्या भोकांचे कॉलर आता खाणीच्या खड्ड्यावर हवेत लटकलेले दिसतील, ती चूक नव्हे, ड्रिलिंगनंतर डोंगर कापला गेलाय. त्यांना ओढून जमिनीवर बसवू नका प्लीज, अख्खं ओअर (खनिज) खाली जाईल.

डिपचं, म्हणजे भोकाच्या उताराच्या कोनाचं, चिन्ह बघा, काही सॉफ्टवेअरला खालची दिशा उणे लागते, काहींना अधिक. भोकं आकाशात गेली तर कारण हेच.

आता अ‍ॅसे (assay), म्हणजे नमुन्यात लोखंड किती टक्के याची तपासणी. आपल्याकडचं भुसभुशीत ओअर पावडरसारखं, कोअर (भोकातून काढलेला खडकाचा दंडगोल) धुऊन जातो, रिकव्हरी, म्हणजे हाती आलेल्या कोअरचं प्रमाण, कमी. समजा 18 ते 20 मीटरला लोखंड 61 टक्के, 20 ते 22 रिकामं, 22 ते 24 परत 60. तो रिकामा सेल 0 म्हणून वाचला गेला की ओअरच्या मधोमध दोन मीटर नापीक खडक तयार होतो आणि सरासरी पार कोसळते. रिकामं ते रिकामंच ठेवा, आणि ग्रेडच्या (लोखंडाच्या टक्केवारीच्या) शेजारी रिकव्हरीचा कॉलमही लावा, मला तरी तो ग्रेडइतकाच महत्त्वाचा वाटतो.

व्हर्टिकल एक्झॅजरेशन (उभी बाजू किती पट ताणून दाखवायची ते) शेवटी 1 वर आणा. 3 वर ठेवलं तर 30 अंशांचा उतार स्क्रीनवर 60 दिसतो, आणि तोच स्क्रीनशॉट रिपोर्टात जातो.