पावसाळ्यात लिंबावरची फुलपाखराची अळी: वेचायची कुठे, सोडायची कुठे

पाऊस लागून राहिला की कागदी लिंबाला कोवळी पालवी फुटते आणि त्या पालवीभोवती लिंबाळी फुलपाखरू घिरट्या घालू लागतं. काळे पंख, त्यांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात एक लाल ठिपका आणि पंखाला शेपूट नाही, एवढ्यावरून ते ओळखता येतं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा जोर असतो. ज्यांनी यंदा किंवा गेल्या वर्षी लिंबाची कलमं लावली आहेत, त्यांनी या दिवसांत झाडाकडे रोज एक फेरी मारायलाच हवी. मोठं झाड थोडी पानं गेली तरी सावरतं. गुडघाभर कलमावर चार-पाच अळ्या वाढल्या तर मात्र शेंडा बोडका होतो आणि त्या हंगामातली वाढ हातची जाते.

मादी कोवळ्या पानांवर सुटं सुटं, एकेक अंडं घालते. ते फिकट पिवळं, गोल आणि गुळगुळीत, जेमतेम मिलिमीटरभर असतं. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि बहुधा आधी अंड्याचं कवचच खाते. यानंतरचे दिवस महत्त्वाचे. लहान अळी तपकिरी-काळी असून अंगावर पांढरट पट्टा असतो. पानाच्या मधोमध, उघड्यावर ती निवांत बसलेली असते, पण पक्ष्याची विष्ठा पडली आहे असंच वाटतं. पक्षी फसतात, तसे बागायतदारही फसतात. चार वेळा कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते, बाजूंनी तपकिरी तिरपे पट्टे येतात आणि लांबी साडेतीन-चार सेंटिमीटरवर जाते. पानांचा खरा फडशा ती या शेवटच्या अवस्थेत पाडते. म्हणजे तपकिरी असतानाच हाती लागली तर नुकसान जवळजवळ होतच नाही. बहुतेक जण हिरवी अळी दिसल्यावर धावतात, तोवर उशीर झालेला असतो.

अळीला बोट लावलं की डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि आंबूस, उग्र वास सुटतो. घाबरू नका, ती चावत नाही आणि तिच्या अंगाला खाजरे केस नसतात. मात्र नारळ-आंब्यावरच्या काटेरी अळ्यांना असा उघडा हात लावू नये, त्यांतल्या काहींमुळे अंगाची आग होते.

दोन-अडीच आठवडे खाऊन झाल्यावर अळी फांदीवर किंवा शेजारच्या खुंटावर जाते. तिथे शेपटीकडचं टोक चिकटवून, कमरेभोवती रेशमी धागा बांधून ती कोष करते. हिरव्या पाल्यात कोष हिरवा होतो, सुक्या काठीवर तपकिरी. आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं. अंड्यापासून इथवर साधारण महिनाभर जातो, म्हणून एकाच पावसाळ्यात तीन-चार पिढ्या होऊ शकतात.

पान कडेकडून शिरेपर्यंत कुरतडलेलं असेल तर ही अळी समजावी. पानावर चंदेरी वेड्यावाकड्या रेघा असतील आणि पान मुरडलं असेल तर ती नागअळी, तिचा उपाय वेगळा.

घरच्या दहा-वीस कलमांसाठी हाताने वेचण्यापेक्षा चांगला उपाय नाही. सकाळी पानांची वरची-खालची बाजू पाहून अळ्या डब्यात घ्याव्यात. त्या मारायलाच हव्यात असं नाही. परसात जुनं, मोठं लिंबू किंवा बेल असेल तर त्यावर सोडाव्यात, तिथे त्यांचं काही ओझं होत नाही. रोपवाटिकेत शेकड्यांनी पिशव्या असतील तर वेचणं पुरत नाही. तिथे 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा: अर्धा किलो निंबोळीच्या बीतला मगज कुटून रात्रभर पाण्यात भिजवायचा, गाळायचा आणि एकूण 10 लिटर द्रावण करायचं. अळ्या लहान असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशकही चालतं. ते पोटात गेल्यावरच काम करतं आणि उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी मारावं. दोन्हींना पुढचे काही तास तरी उघडीप हवी, नाहीतर सगळं धुऊन जातं. कढीलिंबावरही हीच अळी येते. ती पानं आपण रोजच्या फोडणीत टाकतो, तेव्हा तिथे रासायनिक फवारणी करूच नये. अंड्यांवर ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी जगते, कोळी आणि पक्षी अळ्या टिपतात. सरसकट विषारी फवाऱ्याने आधी हेच मरतात आणि पुढची पिढी मोकाट सुटते.

आता माझी खास विनंती. गणपतीच्या माटवीसाठी (मूर्तीवर फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट) राखलेल्या पपनसावर किंवा रानाकडेच्या माकडलिंबावर, म्हणजे लिंबाच्याच कुळातल्या रानझाडावर, मोठी हिरवी अळी दिसली तर तिला हात लावू नका. ती राणी पाकोळीची असू शकते. काळ्या मखमली पंखांवर निळ्या रंगाचे मोठे पट्टे मिरवणारं हे फुलपाखरू, म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. पंख पसरले की 12 ते 15 सेंटिमीटर भरतं. त्याच्या अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात आणि लहानपणी लिंबाळीच्या अळीशी त्यांचं इतकं साम्य असतं की नुसतं बघून खात्री देणं कठीण. म्हणून अळीपेक्षा झाड पाहून ठरवावं: कोवळ्या कलमावरची उचलायची, वाढलेल्या झाडावरची राहू द्यायची. गडग्याकडचं, म्हणजे दगडी कुंपणाकडचं माकडलिंबू काटेरी म्हणून तोडलं जातं, ते राहू द्यावं. जवळ जास्वंद किंवा भूतकेस असेल तर पाकोळीला मधही मिळतो.

पाऊस ओसरल्यावर कलमांच्या खुंट्या बदलताना त्यांवरचे कोष आधी पाहा. जिवंत कोष असलेली खुंटी जाळू नका, कुंपणाला टेकवून ठेवा. पावसानंतर पुन्हा पालवी फुटली की अंडीही पुन्हा पडतात, म्हणून लहान कलमांवरची रोजची फेरी ऑक्टोबर संपेपर्यंत चालू ठेवावी.