'पिशवी'चं 'पशिवी' लिहिणाऱ्या मुलाला घरी कसं शिकवायचं

माझ्या भाच्याची दुसरीची श्रुतलेखनाची वही मी अजून जपून ठेवलीय. त्यात पिशवीचं पशिवी आहे, दिवसचं दविस आहे, मित्रचं मत्रि आहे आणि प्रत्येकाभोवती लाल गोल, खाली शेरा 'निष्काळजीपणा'. मी स्वतः प्राथमिकला शिकवते तरी मलाही पहिले सहा महिने तसंच वाटलं, हे कबूल करते. मग एकदा शांत बसून त्या तीन चुका बघितल्या तर लक्षात आलं की पोरगं तिन्ही वेळा एकच गोष्ट करतंय. त्याला आधी प ऐकू येतो, मग इ ऐकू येते, मग तो आधी प लिहितो आणि मग वेलांटी काढतो, आणि ती वेलांटी जाऊन बसते पुढच्या श वर. म्हणजे जसं ऐकलं तसं त्याने इमानदारीत लिहिलंय! आपली पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी येते, ही भानगड बाकीच्या मुलांना आपोआप कळते, याला कोणीतरी मुद्दाम सांगावी लागणार होती.

म्हणून पहिलं काम हे की चुका मोजू नका, चुका वाचा. एक वही करा, त्यात मुलाने काय लिहिलं आणि काय लिहायचं होतं हे शेजारी शेजारी लिहीत जा, पंधरा दिवसांत तुम्हालाच दिसेल की गाडी नेमकी कुठे अडते. कुणाचं घ-ध, भ-म, ब-व असं सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत अडतं, कुणाचं ट-ठ, ब-भ असं सारख्या ऐकू येणाऱ्यांत, कुणाचं फक्त जोडाक्षरात.

आता हे अध्ययन अक्षमता (म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित अडणं) असू शकतं हे ओळखायचं कसं? पहिली-दुसरीत अक्षरं उलटसुलट होणं अगदी कॉमन आहे, त्यावरून लगेच घाबरू नका. पण तिसरी आली तरी तोंडी गोष्ट झक्कास सांगणारं मूल तीच गोष्ट दोन ओळीत लिहू शकत नाही, वरच्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द खालच्या ओळीत चुकवतं, अख्खी ओळ सोडून पुढे जातं, वाचायची वेळ आली की पोट दुखतं, तर मात्र थांबू नका. अजून एक खूण मी नेहमी बघते, बारखडी सुरात घडाघडा म्हणतं पण मध्येच 'कू'वर बोट ठेवलं की परत का-कि-की पासून सुरुवात करून तिथपर्यंत यावं लागतं, म्हणजे ते पाठ आहे, वाचन नाही. बुद्धीचा इथे काही संबंध नाही, ही मुलं बुद्धीने चांगली असतात आणि म्हणूनच 'ढ' म्हटलेलं त्यांना जास्त लागतं.

सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हसू नका, माझ्याच वर्गातल्या एका मुलीला नुसता चष्मा लागला होता आणि आम्ही काय काय कल्पना करून बसलो होतो. ते नॉर्मल निघालं तर मग रीतसर तपासणी. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे, इतर ठिकाणी तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. आणि तपासणी मूल ज्या भाषेत शिकतंय त्या भाषेत होतेय ना हे विचारा, मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी शब्द वाचायला लावून काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाच्या चाचण्या आणल्या, त्या हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत, तेव्हा विचारायला लाजू नका.

आता घरचा अभ्यास. रोज पंधरा-वीस मिनिटं, त्याच्या वर नाही, पण रोज. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही, उलट सोमवारी दप्तर बघूनच रडायला लागतात.

सुरुवात कागदाशिवाय करा, फक्त आवाजाने. पोळ्या लाटताना सुद्धा जमतं हे. "पाऊसमधला पा काढला तर काय उरलं?" ऊस! "सकाळमधला स काढला?" काळ. "कमळमधला क?" मळ. मुलांना याची भयंकर मजा येते आणि शब्द सुट्या आवाजांचा बनलेला असतो हे त्यातून डोक्यात बसतं, वाचनाचा खरा पाया तोच आहे. टाळ्या वाजवून शब्द तोडणं, अंताक्षरी, तेही चालतं. माझ्या भाच्याबरोबर आम्ही सव्वा महिना फक्त हेच केलं, माझी बहीण वैतागली होती की अभ्यास कधी सुरू करणार, मी तिला म्हटलं ताई हाच अभ्यास आहे.

मग अक्षरं. ताटात रवा पसरा, अक्षर बोटाने मोठं गिरवायचं आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने काढायचा, म्हणजे डोळा, कान, हात, तोंड सगळं एकाच वेळी कामाला लागतं. सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका प्लीज, घ पक्का झाल्याशिवाय ध ला हात लावायचा नाही. वेलांटीसाठी आम्ही लाल स्केचपेन वापरला. नियम असा की पेन कागदाला टेकवायच्या आधी तोंडाने अख्खं 'पि' म्हणायचं, त्यात इ ऐकू आली की आधी लाल वेलांटी काढायची आणि मग तिच्या पोटात काळा प बसवायचा. पहिल्या दिवशी दहापैकी चार बरोबर आले, तिसऱ्या आठवड्यात तो लिहिता लिहिता स्वतःच थांबून म्हणाला "मावशी थांब, इ आली" आणि मागे जाऊन वेलांटी दिली. मला त्या दिवशी रडू आलं खरंच.

र चं प्रकरण सगळ्यात शेवटी घ्या. सूर्य, ग्रह, राष्ट्र, दुसऱ्या, एकच र चार वेषात येतो, एकेक वेष वेगळा शिकवा, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. जोडाक्षर तोडून म्हणायला लावा, पुस्-तक, शब्-द. च आणि ज ला दोन उच्चार आहेत (चार म्हणताना वेगळा, गुरांचा चारा म्हणताना वेगळा) हेही सांगून टाका, नाहीतर मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

वाचताना ओळ सुटत असेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि ती पानावरून सरकवत न्या, फुकटातला उपाय आणि लगेच फरक पडतो. धडा आधी तुम्ही वाचा, मग दोघांनी एकत्र आवाजात वाचा, मग त्याला एकट्याला, आणि तीन सेकंद अडला की शब्द सांगून टाका, "आठव, आठव" करत टांगून ठेवू नका. चुकलेला शब्द वीस वेळा लिहून घेणं तर बंदच करा, तो चुकीचाच वीस वेळा लिहिला जातो आणि तोच पक्का होतो.

गणितात अडणाऱ्यांचं थोडक्यात सांगते. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात म्हणून मूल ७२ लिहितं, आणि एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी तर मी कित्येक बघितलीत कारण कानावर तीस पडतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण या मुलांसाठी मला ती पायरी आजही फार उपयोगाची वाटते. सोबत दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी द्या, दोन नोटा सात नाणी, मग सत्तावीस, मग २७. पाठ होत नसतील तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या.

शाळेत जाताना भांडायला जाऊ नका, ती चुकांची वही घेऊन जा. बाईंना तीनच गोष्टी मागा, सगळ्या वर्गासमोर अचानक मोठ्याने वाचायला उभं करू नका, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्या, आणि उत्तर तोंडी येत असेल तर तोंडी घ्या. बहुतेक शिक्षक ऐकतात हो, पण पन्नास-साठ पोरांच्या वर्गात कोणी दाखवून दिल्याशिवाय दिसत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटचं म्हणाल तर पुष्कळ आईबाप शिक्का बसेल म्हणून घेतच नाहीत, आणि मग दहावीच्या वर्षी धावपळ करतात. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात ही अक्षमता नव्हतीच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ती आली, त्यामुळे आता हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात, कुठली कोणाला आणि कागद कधी द्यायचे ते शाळेकडून आठवी-नववीतच विचारून घ्या. आणि लेखनिक मिळणार असेल तर नववीच्या चाचण्यांपासूनच त्याच्याबरोबर सराव करायला द्या, कारण उत्तर बोलून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे, स्वल्पविराम कुठे, नवा मुद्दा कुठे, आकृती कशी सांगायची, हे पहिल्यांदा थेट बोर्डाच्या पेपरला करायला लावलं तर येत असलेलं उत्तरही राहून जातं.