दंड कधी थकला? ईएमजीवरून ओळखायची रीत

स्नायू थकत जातो तशी त्याच्या तंतूंवरून धावणारी विजेची लहर मंदावते. त्वचेवरून टिपलेल्या स्नायूच्या विजेच्या सिग्नलची, म्हणजे ईएमजीची (इलेक्ट्रोमायोग्राफी), वारंवारता त्यामुळे खाली सरकते. तेच वजन पेलायला आणखी तंतू कामाला लागतात, म्हणून सिग्नलची उंची वाढते. डंबेल खाली ठेवावा लागायच्या बऱ्याच आधी हे दिसू लागतं.

सुरुवात बायसेप्सपासून करा. कोपर 90 अंशांत वाकवून, जेमतेम एकदा उचलता येईल त्याच्या निम्म्या वजनाचा डंबेल स्थिर धरायचा.

खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या घडीपर्यंत रेघ कल्पा. घडीपासून एक तृतीयांश अंतरावर दोन इलेक्ट्रोड तंतूंच्या दिशेने लावा, मध्यापासून मध्यापर्यंत 2 सेंमी. तिसरा, संदर्भाचा, कोपराच्या हाडावर. आधी केस काढून स्पिरिटने त्वचा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. अर्धीअधिक रडगाणी इथेच मिटतात.

मायोवेअर 2.0 सारख्या ईएमजी सेन्सरची ‘रॉ’ (कच्च्या सिग्नलची) पिन घ्या, ‘एन्व्हलप’ (गुळगुळीत केलेल्या बाह्यरेषेची) नको. एन्व्हलपमध्ये वारंवारतेची माहिती पुसलेलीच असते, त्यावर कितीही गणित केलं तरी हाती काही लागत नाही. आर्डुइनोवर (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर) सेकंदाला 1000 नमुने घ्या आणि ते लॅपटॉपकडे नेणाऱ्या सिरियल जोडणीचा वेग 115200 ठेवा. 9600 वर सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं जातात, मग नमुने अडकून पडतात. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा: सुरक्षितही, आणि घरच्या विजेची 50 हर्ट्झची घरघरही कमी.

सरासरी वजा करा, 20 ते 450 हर्ट्झच राखणारा फिल्टर लावा, एकेका सेकंदाच्या तुकड्याचा एफएफटी (कुठल्या वारंवारतेत किती शक्ती आहे ते दाखवणारं गणित) काढा. ज्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी शक्ती पडते ती मीडियन फ्रिक्वेन्सी. सोबत त्याच तुकड्याचा आरएमएस, म्हणजे सिग्नलच्या उंचीचं माप. पहिल्या काही सेकंदांची सरासरी 100 टक्के धरून दोन्ही आलेख काढा.

आता वाचन. मीडियन घसरते आणि आरएमएस चढतो: थकवा. दोन्ही चढतात: जोर वाढलाय. दोन्ही उतरतात: जोर कमी झालाय, बहुधा कोपर नकळत खाली आलंय. मीडियन चढते, आरएमएस उतरतो: स्नायू सावरतोय. नुसत्या आरएमएसवर थकव्याचा निकाल देणारी ॲप म्हणूनच फसवी.

स्नायू तापला की लहर मंदावण्याऐवजी जास्त वेगाने धावते आणि घसरण झाकली जाते. म्हणून वॉर्म-अप आधीच उरका. घामाने इलेक्ट्रोडमध्ये ओलाव्याचा पूल झाला की सिग्नल एकदम बसतो. हलणारी वायर 20 हर्ट्झखाली मोठे झटके देते. तिला दंडालाच चिकटपट्टीने बांधा.

कर्ल मारताना, म्हणजे डंबेल वर-खाली करताना, स्नायू इलेक्ट्रोडखालून सरकतो, त्यामुळे आकडे उड्या मारतात. प्रत्येक रेपमधला (एका वर-खालीतला) एकाच कोनातला तुकडा उचला आणि तेवढेच एकमेकांशी ताडा. इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावले, तर कालच्या हर्ट्झशी आजचे जुळवू नका, टक्केवारीच पाहा.