बिअरची भांडी कशाने धुवायची: आधी मळ बघा, मग डबा घ्या

गेल्या महिन्यात एका मित्राने पहिल्यांदा घरी बिअर करायचं मनावर घेतलं आणि दुकानातूनच मला फोन लावला, म्हणे अरे इथे नुसते क्लीनरचेच आठ-दहा प्रकार आहेत, कुठला उचलू? मी म्हटलं तुझं पातेलं स्टीलचं आहे की अ‍ॅल्युमिनियमचं? तर म्हणे त्याचा काय संबंध. संबंध काय ते सांगण्यात अर्धा तास गेला, तेव्हा वाटलं की एकदाच लिहून टाकू म्हणजे पुढच्याला लिंक पाठवता येईल.

मी इंडियानापोलिसला असतो, बेसमेंटमध्ये ५ गॅलनच्या म्हणजे १९ लिटरच्या बॅच करतो. अमेरिकेत १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक आहे, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, फक्त विकायची नाही. पुणे-मुंबईवाल्यांनो, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे तुम्ही हे कोम्बुचाच्या (आंबवलेल्या चहाच्या) बरणीसाठी वाचा, मळाचं शास्त्र तेच.

पहिली गोष्ट, धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं. सगळे नवीन लोक सॅनिटायझरवर पैसे घालतात कारण त्यावर ९९.९ वगैरे लिहिलेलं असतं, आणि क्लीनर म्हणून सिंकवरचा भांडी घासायचा साबण वापरतात. हे अगदी उलटं आहे. सॅनिटायझर फक्त पृष्ठभागावरचे जंतू मारतो, वाळलेल्या यीस्टच्या थराखाली जे बसलेत त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. लोणच्याच्या बरणीला आधीचा खार चिकटलेला असताना आई कधी नवीन लोणचं भरते का? आधी घासून, धुऊन, उन्हात वाळवून, मगच. तसंच हे. तुमच्याकडे ४० डॉलर असतील तर २५ क्लीनरवर घाला.

आता क्लीनर कुठला, तर त्यासाठी मळ दोन जातीचा असतो एवढं लक्षात ठेवा. आपल्या आज्या खरकटी, तेलकट भांडी राखेने घासायच्या आणि तांब्याची चिंचेने. राख म्हणजे अल्कली, चिंच म्हणजे अ‍ॅसिड. सगळं होमब्रू क्लीनरचं दुकान या दोन खणांत बसतं. यीस्ट, हॉप्सचा (कडवटपणासाठी घालतात ती फुलं) चिकट रेझिन, माल्टची (मोड आणलेल्या बार्लीची) साखर, प्रोटीन, फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या भांड्याला) वरच्या बाजूला फेसाचा जो तपकिरी पट्टा वाळून बसतो तो, हे सगळं राखेच्या खणातलं. पाण्याचे पांढरे डाग, स्टीलवर बसणारा खरखरीत करडा थर ज्याला बिअरस्टोन म्हणतात (तो मुख्यत्वे कॅल्शियम ऑक्झलेट असतो), तांब्याचा काळपटपणा, हे चिंचेच्या खणातलं. राखेच्या मळाला चिंच लावली की काही होत नाही आणि मग माणूस म्हणतो क्लीनर बोगस निघाला.

तुमचा नव्वद टक्के मळ राखेच्या खणातला असणार, म्हणून पहिला डबा तिथूनच घ्या. इथे दोन नावं घेतली जातात, पीबीडब्ल्यू (पावडर्ड ब्रुअरी वॉश, बिअरची भांडी धुवायची पावडर) आणि ऑक्सिक्लीन (कपड्यांचे डाग काढायची पावडर). दोघांच्या मुळाशी सोडियम परकार्बोनेट आहे, जे पाण्यात पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असं फुटतं. पेरॉक्साइडचे बुडबुडे मळ उचकटतात आणि सोडा तो विरघळवतो. पीबीडब्ल्यूमध्ये वर सोडियम मेटासिलिकेट आणि पाण्यातले क्षार धरून ठेवणारा पदार्थ असतो, त्यामुळे जड पाण्यात ते जास्त नीट चालतं आणि धुताना निसटूनही लवकर जातं. प्रमाण म्हणाल तर लिटरला साधारण ८ ते १५ ग्रॅम. ऑक्सिक्लीन घेणार असाल तर बिनवासाचं, बिनरंगाचंच घ्या, ज्याच्यावर फ्री लिहिलेलं असतं, कारण प्लास्टिकची बादली सुगंध असा काही धरते की तुमच्या पेल एल बिअरला पुढचे सहा महिने धुतलेल्या टॉवेलचा वास येत राहील. चार लिटरला एक मोठा चमचा पुरतो.

मी काय करतो, तर ७० टक्के ऑक्सिक्लीन आणि ३० टक्के मेटासिलिकेट (ते रंगाच्या दुकानात भिंती धुवायची पावडर म्हणून मिळतं, पण डब्यावरचं लेबल वाचून खरंच मेटासिलिकेट आहे का बघा) असं वजनावर मिसळून कोरड्या डब्यात ठेवतो, हा होमब्रूवाल्यांचा जुना जुगाड आहे आणि निम्म्या पैशात काम होतं. पण वर्षाला तीन-चारच बॅच करत असाल तर सरळ पीबीडब्ल्यूचा छोटा डबा घ्या, उगाच वजनकाट्याची भानगड नको.

कुठलंही घेतलंत तरी पाणी गरम हवं, ५०-६० अंश, आणि घासायची घाई नको, भिजत ठेवायचं. बादलीत झाकणापर्यंत पाणी भरून संध्याकाळी ठेवा, अर्ध्या तासाने टॉर्च मारून बघितलंत तर तो तपकिरी पट्टा कडेने सुटून सालीसारखा लोंबताना दिसतो, मऊ फडकं फिरवलं की खलास. प्लास्टिकला हिरवी घासणी लावायची नाही म्हणजे नाही, तिने पडलेल्या बारीक चरांत जंतू जाऊन बसतात आणि मग त्यांना कोणी काढू शकत नाही. आणि पीईटीच्या (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) पारदर्शक कार्बॉयला, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीला, एवढं गरम पाणी सोसत नाही, ती वेडीवाकडी होते, तिला कोमट पाणी आणि जास्त वेळ. काचेची असेल तर थंडगार काचेवर एकदम कढत पाणी ओतू नका, तडकली की पायावर येते. हे द्रावण झाकण घट्ट लावून साठवायचंही नाही, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगते. तसंही काही तासांनी त्यातला पेरॉक्साइडचा जोर संपलेलाच असतो, ओतून द्या. हातमोजे घाला, नाहीतर हात दुसऱ्या दिवशी सुकलेल्या खजुरासारखे दिसतात.

आता तो पातेल्याचा प्रश्न. स्टीलला वरचं सगळं चालतं. अ‍ॅल्युमिनियमला नुसता सोडा किंवा ऑक्सिक्लीन लावलं की ते काळवंडतं, कॉस्टिक सोडा लावला तर खाल्लंच जातं. पीबीडब्ल्यूमधलं सिलिकेट अ‍ॅल्युमिनियमला सांभाळून घेतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी तेच घ्यावं. आणि आतला तो मळकट करडा थर घासून चकचकीत करायच्या फंदात पडू नका, तो ऑक्साइडचा थर आहे, तोच भांड्याला वाचवतो. स्टीलला मात्र लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण राहतात आणि गंजाचे ठिपके येतात.

तांब्याचा चिलर (उकळलेला रस गार करायची नळीची वेटोळी) असेल तर त्याची एक गंमत सांगतो. माझा चिलर पहिल्या बॅचला काळपट, मळकट असा उकळत्या वर्टमध्ये (आंबवायच्या आधीचा माल्टचा गोड रस) गेला आणि बाहेर आला तो लखलखीत, दिवाळीच्या समईसारखा. मी खूष! मग डोक्यात प्रकाश पडला की वर्ट आंबटसर असतं, त्यानेच तो घासला आणि सगळी काळिमा माझ्या बिअरमध्ये उतरली. तेव्हापासून आदल्या दिवशी व्हिनेगरच्या गरम पाण्यात बुडवून, धुऊन ठेवतो. चिंच असली घरात तर चिंच, नळीच्या वेटोळ्यांमध्ये तिचा चोथा अडकतो एवढंच.

म्हणजे दुसरा डबा अ‍ॅसिडचा, पण तो लगेच घ्यायची गरज नाही. माझ्यासारखं जड पाणी असेल तर भिजवलेल्या भांड्यावर वाळल्यावर पांढरी साय दिसते, ती व्हिनेगरने जाते. स्टीलच्या बुडाला करपल्याचे, इंद्रधनुष्यी डाग पडतात त्याला बार कीपर्स फ्रेंड नावाची पावडर, त्यात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असतं, ओल्या फडक्याने लावा, दोन-तीनदा खळखळून धुवा आणि रात्रभर उघडं वाळू द्या म्हणजे स्टीलचा वरचा संरक्षक थर परत धरतो. बिअरस्टोन खरंच बसला असेल, आणि तो दोन-चार वर्षं केग (बिअर साठवायचं स्टीलचं पिंप) वापरल्यावर बसतो, तर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाला क्लीनर आणा, पण त्याच्या आधी राखेच्या खणातलं धुणं करून ते अल्कली पूर्ण धुऊन टाका, नाहीतर एकाने दुसऱ्याचा जोर मारला, पैसे गटारात.

सॅनिटायझर निवडण्याआधी हे ठरवा की लावायचा कशाला. वर्ट उकळायच्या आधी आणि उकळताना जे जे लागतं त्याला फक्त धुणं पुरतं, उकळी बाकीचं बघून घेते. चिलर शेवटची १५ मिनिटं उकळत्या वर्टमध्ये ठेवला की झालं. वर्ट गार झाल्यानंतर जे त्याला शिवतं, ते सगळं धुवायचं पण आणि सॅनिटाइझ पण करायचं.

मी स्टार सॅन वापरतो. फॉस्फोरिक अ‍ॅसिड आणि फेस करणारा एक घटक, ५ गॅलनला १ औंस म्हणजे लिटरला दीड मिलिलिटर, एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की काम झालं, नंतर पाण्याने धुवायचं नाही. फेस बघून नवीन लोक घाबरतात आणि परत नळाखाली धरतात, म्हणजे केलेलं सगळं गेलं. त्या प्रमाणातला फेस बिअरमध्ये गेला तरी काही बिघडत नाही. पाच गॅलन बनवत बसू नका, पोराच्या तापाच्या औषधाबरोबर जी सिरिंज येते ना, तिने दीड मिली मोजून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात घाला आणि स्प्रेच्या बाटलीत भरा. डिस्टिल्ड पाण्यात ते आठवडे-आठवडे टिकतं, माझ्या नळाच्या पाण्यात मात्र ताकासारखं गढूळ होतं. गढूळ झालं म्हणून लगेच फेकायचं नाही, पीएचची पट्टी बुडवा, ३ च्या खाली असेल तर चालतंय. कच्चं अ‍ॅसिड बेसमेंटच्या काँक्रीटवर सांडलं तर तिथे कायमचा डाग पडतो, माझ्याकडे आहे एक, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा.

फेसाचा वैताग असेल तर आयोडोफोर घ्या, आयोडीनवाला, ५ गॅलनला १५ मिली, म्हणजे १२.५ पीपीएम (दहा लाख भागांत साडेबारा) होतं, तोही न धुता चालतो. रंग उडाला की जोर गेला, एवढी साधी खूण. प्लास्टिक आणि नळ्या पिवळ्या-तपकिरी करतो पण ते फक्त दिसायला.

ब्लीच मी घरात आणूच नका म्हणेन. स्वस्त आहे, जंतू मारतं, सगळं खरं. पण स्टीलला बारीक खड्डे पाडतं, आणि त्याचा क्लोरीन जराही राहिला तर माल्टमधल्या फेनॉलशी मिळून क्लोरोफेनॉल तयार होतात, ज्यांचा वास अब्जांशातसुद्धा नाकाला कळतो, बँडेज उघडल्यासारखा. तो वास आलेली बिअर सिंकशिवाय कुठे जात नाही. आणि ब्लीचच्या जवळपास व्हिनेगर किंवा स्टार सॅन आणू नका, अ‍ॅसिडमुळे क्लोरीन वायू सुटतो, बंद बेसमेंटमध्ये हा जिवाशी खेळ आहे.

आता माझं प्रकरण. चौथ्या-पाचव्या बॅचपासून माझ्या बाटल्या तीन आठवड्यांनी आंबट लागायला लागल्या आणि उघडल्या की कारंजं. मी सॅनिटायझर बदलला. मग परत बदलला. डोस दुप्पट केला, जे करायचं नसतं. तीन बॅच, जवळजवळ ५७ लिटर, ओतून दिले, आणि बाटल्या फुटायच्या आधी ओतल्या हे नशीब. शेवटी बाटल्या भरायच्या बादलीची प्लास्टिकची तोटी कढत पाण्यात टाकून बघितली, तर तिचा आतला दांडा सुटून हातात आला. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की ती उघडते! दोन नळकांड्यांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत कडं, नखाने ओढलं तर शेवाळासारखं ताणलं गेलं, आणि वास शिळ्या ढोकळ्याचा. प्रत्येक बॅच त्यातून गाळून मी स्वतःच बिघडवत होतो. तेव्हा तोट्या, केगचे पोस्ट (नळी जोडायची तोंडं), बॉल व्हॉल्व्हचे नळ, रबराच्या रिंगा, जे जे उघडतं ते दर वेळी उघडून परकार्बोनेटमध्ये भिजवा. नळ्यांवर क्लीनर वाया घालवू नका, आतून ढगाळ दिसली की बदला, फुटाला डॉलरच्या आसपास पडते.

सिंकवरच्या साबणाला माझी ना नाही, पण बिनवासाचा आणि फक्त बाहेरून. डिशवॉशरमध्ये बाटल्या लावणारे पण आहेत, त्यात चकाकीसाठी जे रिन्स एड घालतात ते काढून टाका, त्याचा थर राहिला की ग्लासात फेस धरत नाही.

कोम्बुचावाल्यांना यातलं एवढंच लागतं: परकार्बोनेट ऑनलाइन सुटं मिळतं, त्यात बरणी भिजवायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि शेवटी साध्या व्हिनेगरने विसळायची. स्टार सॅन वगैरेच्या मागे लागू नका.

आणि बाटल्यांची लेबलं. जमवलेल्या बाटल्या त्याच गरम परकार्बोनेटमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी बहुतेक लेबलं आपोआप तरंगत वर आलेली असतात, जी आली नाहीत त्या बाटल्या सरळ रिसायकलिंगला टाका, खरवडत बसायची त्यांची लायकी नसते. फक्त हे काम बाथटबमध्ये करणार असाल तर घरच्यांना आधी सांगा, आणि ड्रेनवर जाळी लावा. मी लावली नव्हती.