बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर एमएस्सीचं सत्र सांभाळताना

वजन कमी करण्यासाठी पोट लहान करणाऱ्या या शस्त्रक्रियेची तारीख सत्रपरीक्षा संपल्यावरचीच घ्या. पहिले साधारण २ आठवडे पातळ आहारावर जातात, मग मऊ, कुस्करलेलं अन्न. या काळात अंगात त्राण कमी असतं, म्हणून प्रबंधाचं प्रकरण संपवायचे बेत नकोत. रोज एखादा शोधनिबंध वाचून झाला तरी पुष्कळ.

कॉलेज सुरू झालं की खरी अडचण पाण्याची. पोट लहान झाल्याने गटागटा पिता येत नाही आणि सलग ३ तास प्रॅक्टिकल चाललं की दिवसाचं पाणी राहूनच जातं. छोटी बाटली जवळ ठेवा, दर १० मिनिटांनी प्रयोगशाळेबाहेर जाऊन दोन घोट घ्या. जेवताना मात्र पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास थांबा. प्रथिनं दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात आणि मेसच्या पातळ वरणातून ती भरत नाहीत. मऊ आहार सुरू झाला की डब्यात पनीर, अंडं, घट्ट मुगाचं वरण न्या. ताटात आधी तेच संपवा, भात नंतर.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान २ तासांचं अंतर हवं. मोबाइलवर दोन वेगळे गजर लावा. डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

गाइडना आधीच सांगून ठेवा. सगळा तपशील द्यायची गरज नाही, ‘पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, काही आठवडे जड उचलता येणार नाही’ एवढं पुरे. सतत उलट्या, ताप किंवा छातीत धडधड झाली, तर व्हायवा असला तरी रुग्णालय गाठा.