ग्रह बघायचे तर आधी वेळ निवडा

ग्रह बघताना होणारी बरीचशी निराशा चुकीच्या वेळेमुळे पदरी येते. दुर्बीण चांगली असते, पण मंगळ सूर्याच्या पलीकडे लांब गेलेला असतो आणि लालसर ठिपक्याखेरीज काही दिसत नाही. म्हणून पहिलं साधन म्हणजे घरातलं पंचांग.

फलज्योतिष बाजूला ठेवा. ग्रहांच्या जागांचं गणित आकाशाचंच आहे. आपल्या पंचांगांत राशी निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या जागांवरून मोजलेल्या असतात, त्यामुळे 'शनी मीनेत' असं छापलं असेल तर तो आकाशातल्या मीन तारकासमूहाच्या आसपासच सापडतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या राशी सुमारे २४ अंशांनी पुढे असतात, त्यांवरून शोधू नका. ग्रहापुढे 'अस्त' लिहिलं असेल तर तो सूर्याच्या उजेडात बुडालेला आहे. आणि मंगळ, गुरू किंवा शनी 'वक्री' असेल तर दुर्बीण बाहेर काढा! पृथ्वी आतल्या कक्षेतून त्या ग्रहाला मागे टाकते तेव्हाच तो उलटा सरकताना भासतो. वक्री काळाच्या मध्याच्या सुमारास तो प्रतियुतीत येतो, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर. तेव्हा तो आपल्याला जवळ आणि तेजस्वी असतो, सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर दिसतो. शनी वर्षाकाठी साधारण साडेचार महिने वक्री असतो, गुरू चार महिने. मंगळ मात्र सुमारे २६ महिन्यांतून एकदा, तोही दोन-अडीच महिनेच. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघांचीही प्रतियुती आहे. ती संधी दवडू नका.

नुसत्या डोळ्यांनी शोधताना सूर्य-चंद्राची वाट धरा. ग्रह त्या पट्ट्याच्या बाहेर फारसे जात नाहीत. सप्तर्षींच्या बाजूला दिसणारा ठळक ठिपका ग्रह नव्हे. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. ग्रह लुकलुकत नाही हे खरं, पण क्षितिजाजवळ तोही लुकलुकतो, म्हणून दोन मुठी वर आल्यावरच ही कसोटी लावा. रोहिणी आणि ज्येष्ठा हे लालसर तारे त्याच पट्ट्यात असल्यानं त्यांना हमखास मंगळ समजलं जातं. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, तेव्हा मध्यरात्री डोक्यावर झळकणारा ग्रह बहुधा गुरू असतो, शुक्र कधीच नाही. बुध जास्तीत जास्त २८ अंश दूर जातो. तो संध्याकाळच्या आकाशात या कमाल अंतराच्या आसपास असताना सूर्यास्तानंतर ३५-४५ मिनिटांनी क्षितिजापासून मूठभर उंचीवर शोधा. पश्चिम मोकळी हवी. कोकणातला एखादा सडा, म्हणजे उंचावरचं मोकळं खडकाळ पठार, उत्तम. द्विनेत्री (बायनॉक्युलर) वापरणार असाल तर सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय डोळ्याला लावू नका, आणि पहाटे सूर्योदयाच्या बऱ्याच आधी ती बाजूला ठेवा. द्विनेत्रीतून क्षणभर सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

आता दुर्बीण. खोक्यावरच्या '५२५ पट' या आकड्याला भुलू नका. आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही उपयुक्त वर्धनाची (चित्र किती पट मोठं दिसतं त्याची) वरची मर्यादा, म्हणजे ६० मिमीला १२०. वर्धन काढायचं तर दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (मुख्य आरशापासून किंवा भिंगापासून चित्र जिथे तयार होतं तिथपर्यंतचं अंतर) आयपीसवर, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगावर, लिहिलेल्या मिलिमीटरनं भागा: १५० मिमी व्यासाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनला (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशांची दुर्बीण) २५ मिमीचा आयपीस ४८ पट देतो, १० मिमीचा १२० पट. ग्रहांसाठी एवढं पुरतं. वर्धनाहून स्टँडकडे जास्त लक्ष द्या. नळीला टिचकी मारा. थरथर तीन सेकंदांत थांबली नाही तर तिपाईचे पाय आखूड करा आणि मधोमध पाण्याचा कॅन लटकवा.

फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसा जुळवा. सूर्याच्या विरुद्ध दिशेचा, किलोमीटरभर तरी लांबचा मोबाइल टॉवर २५ मिमीतून मध्यभागी आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुली त्याच टोकावर आणा. रात्रीही सुरुवात २५ मिमीनंच करा.

चित्र उकळल्यासारखं हलत असेल तर दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. त्यापेक्षा गवताळ मैदान बरं, नाहीतर रात्र चढू द्या. खिडकीतून बघू नका. १५० मिमीचा आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला अर्धा-पाऊण तास लागतो. ग्रह निदान ३० अंश वर हवा. न्यूटोनियनमध्ये (आरशांची दुर्बीण, डॉब्सोनियनही याच प्रकारची) मधोमध काळं भोक असलेली चकती दिसली तर तो ग्रह नव्हे, फोकस चुकलाय. ते भोक म्हणजे दुय्यम आरशाची सावली. चकती लहानात लहान होईपर्यंत फोकसर फिरवा. हवा शांत असूनही ग्रह एका बाजूला पसरट दिसतो? मग आरसे जुळवून घ्यावे लागतील.

१२० पटीला ग्रह दोन मिनिटांच्या आत चित्राबाहेर सरकतो. त्याला ज्या कडेनं आत येतो तिथे आणा आणि हात काढा. मध्यावर येईपर्यंत थरथर थांबलेली असते. आयपीसला दहा-पंधरा मिनिटं डोळा लावून बसा. हवा क्षण-दोन क्षण स्थिरावते, तेवढ्यात तपशील उमटतो.

गुरू सर्वांत उदार. ५० पटीत दोन गडद पट्टे आणि जवळपास एका रेषेतले चार चंद्र दिसतात. आयो दोन तासांत जागा बदललेला कळतो. शनीची कडी ३० पटीपासून वेगळी दिसतात. मार्च २०२५ मध्ये ती कडेवर आली होती, म्हणजे आपल्याकडे त्यांची फक्त पातळ कड होती, आता उघडत आहेत आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण रुंद होतील. शुक्र काळोखात डोळे दिपवतो, त्याच्या कला संधिप्रकाशातच बघा. मंगळाची चकती फेब्रुवारी २०२७ मध्येही १४ विकलांच्या (एका अंशात ३६०० विकला) आसपासच असेल, गुरूच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. १२० पट आणि स्थिर हवा मिळाली तर ध्रुवावरची पांढरी टोपी आणि एखादा गडद डाग दिसेल. प्रतियुतीच्या आगेमागे दीड महिना गेला की मंगळ सोडा आणि गुरूकडे वळा.